लिंकन शिकला कुठे आणि वकील झाला कसा?

१८५८ साली अमेरिकेत काँग्रेसच्या आजी-माजी सदस्यांचा एक चरित्रकोश तयार होत होता. संपादकाने प्रत्येकाकडून माहिती मागवली. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड गावातून एका माजी सदस्याचं उत्तर आलं, अगदी त्रोटक. जन्म १२ फेब्रुवारी १८०९, हार्डिन काउंटी, केंटकी. शिक्षण सदोष. व्यवसाय वकिली. पुढे दोनचार पदांची नावं, आणि संपलं. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत हा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला.

‘सदोष’ हे अब्राहम लिंकनने नम्रतेपोटी लिहिलं असेल असं वाटेल. पण हिशेब खरोखर तसाच होता. १८६०च्या प्रचारासाठी त्याने स्वतःबद्दल एक टिपण लिहून दिलं. त्यात तो म्हणतो की आयुष्यातली सगळी शाळा गोळा केली तरी एक वर्ष भरणार नाही. वकिलीची सनद हातात पडेपर्यंत कुठल्या कॉलेजच्या इमारतीत त्याने पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

ही गोष्ट आपण शाळेतल्या भाषणांत ऐकलेली असते. ओंडक्यांची झोपडी, चुलीच्या उजेडात वाचन, जिद्द, आणि तिथून थेट व्हाइट हाउस. मधलं सगळं गाळलेलं. खरी मजा त्या मधल्या भागात आहे. वर्षभरही शाळा न शिकलेला माणूस कायद्याने वकील होऊच कसा शकला? पुस्तकं कुणाची होती? वाचत बसला तेव्हा पोटाला कोण घालत होतं? जिद्द होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण जिद्दीच्या भोवती त्या काळाची एक व्यवस्था होती आणि पुस्तकं उसनी देणारी, कर्ज थकलं तरी सांभाळून घेणारी बरीच माणसं होती. ती समजल्याशिवाय गोष्ट अर्धीच कळते.

आधी जमिनीची भानगड

लिंकनच्या शिक्षणाची गोष्ट जमिनीपासून सुरू करावी लागते. त्याचे वडील थॉमस लहान असताना, १७८६ मध्ये, त्यांच्या डोळ्यांदेखत आजोबांना स्थानिक आदिवासींनी गोळी घातली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सगळी जमीन थोरल्या भावाला, मॉर्डेकायला मिळाली. धाकटा थॉमस मोलमजुरी करत वाढला आणि सुतारकाम शिकला. अक्षरओळख म्हणाल तर कशीबशी सही करण्यापुरती.

तरीही त्याने केंटकीत स्वतःच्या पैशाने जमीन घेतली, एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा कटकट झाली. पहिल्या जमिनीची मोजणीच चुकीची निघाली. २३८ एकर घेतले आणि विकताना २०० एकरच विकता आले. जिथे अब्राहमचा जन्म झाला त्या सिंकिंग स्प्रिंगच्या शेतावर आधीच्या मालकाचा बोजा निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिसऱ्या, नॉब क्रीकच्या शेतावरून तर त्याला बाहेर काढण्याचाच दावा लागला. दहा हजार एकरांच्या मोठ्या पट्ट्यावर हक्क सांगणाऱ्या, तिथे राहतही नसलेल्या वारसांनी तो लावला होता.

हे थॉमसच्या दुर्दैवामुळे झालं असं मानायचं कारण नाही. केंटकीत जमीन विकण्याआधी सरकारी मोजणी होत नसे. ज्याला जमीन हवी त्याने आपली आपण मोजून घ्यायची आणि नोंदवायची. चतुःसीमा लिहायच्या त्या अशा: अमक्या ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, तिथून मोठ्या धोंड्यापर्यंत. झाड पडलं, ओढ्याने वाट बदलली की सीमा गेली. एकाच तुकड्यावर तीन-चार जणांचे कागद, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे, त्याची जमीन. सातबाऱ्यावरच्या नावासाठी ज्यांनी तहसील कार्यालयाच्या चकरा मारल्या आहेत त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून १८१६च्या डिसेंबरात, अब्राहम सात वर्षांचा असताना, कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेलं. लिंकनने नंतर लिहिलंय की हे स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे झालं, पण मुख्य कारण केंटकीतल्या जमिनीच्या मालकी हक्कांची अडचण. नदीपलीकडे गुलामगिरीला बंदी होती आणि जमिनीचा कारभार चोख होता. १७८५च्या कायद्याने तिथल्या जमिनीची सरकारने आधी मोजणी करून चौकोन पाडले होते. सहा मैल बाय सहा मैलांचा एक मोठा चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. नंबर सांगितला की जमीन कुठली ते ठरलं. वादच नाही.

या कायद्यात एक सुंदर तरतूद होती. प्रत्येक मोठ्या चौकोनातला १६ नंबरचा भाग शाळेसाठी राखीव. म्हणजे सरकारी कागदावर लिंकनच्या गावालाही शाळेची जमीन होतीच. पण ते सगळं रान. रान तोडून पिकवणारं कुणी नाही, तर भाडं कुठून येणार, आणि त्यातून मास्तरचा पगार कसा निघणार? कायदा आपल्या जागी होता आणि मुलगा कुऱ्हाड घेऊन जंगलात होता. नव्या जागी पोचल्याबरोबर सात वर्षांच्या पोराच्या हाती कुऱ्हाड आली, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ती जवळजवळ सुटलीच नाही, असं त्यानेच सांगितलंय.

शाळा म्हणजे काय होतं

त्या भागातली शाळा सरकारी नसे. एखादा मास्तर येई, आजूबाजूचे शेतकरी मुलामागे इतके असं ठरवून फी देत. रोख पैसा कमीच, बहुतेक वेळा धान्य किंवा कातडी. शाळा हिवाळ्यात भरायची, कारण तेव्हा शेतात काम नसतं. एका ओंडक्याच्या खोलीत सगळ्या वयाची मुलं बसत आणि आपापला धडा मोठमोठ्याने एकाच वेळी म्हणत. आवाज चालू म्हणजे अभ्यास चालू, असा मास्तरचा हिशेब. लिंकनला मोठेपणीही मोठ्याने वाचायची सवय होती, आणि त्याच्या वकिलीतल्या भागीदाराला त्याचा मनस्वी वैताग येई. ती सवय इथली.

केंटकीत झकारायाह रायनी आणि कॅलेब हेझल, इंडियानात अँड्र्यू क्रॉफर्ड, स्वीनी आणि एझल डॉर्सी, असे एकूण पाच मास्तर लिंकनने नावानिशी नोंदवले आहेत. प्रत्येकाकडे थोडे थोडे आठवडे. मास्तरची पात्रता काय? लिंकनच्या शब्दांत सांगायचं तर वाचन, लेखन आणि त्रैराशिकापर्यंत हिशेब, यापलीकडे काही लागत नसे. लॅटिन येणारा एखादा वाटसरू चुकून वस्तीत मुक्कामाला आला तर लोक त्याला जादूगारच समजायचे, असंही त्याने गमतीने लिहून ठेवलंय.

त्रैराशिक म्हणजे आपल्या आजोबांच्या अंकगणितातलंच. चार डुकरं बारा डॉलरला, तर सात कितीला? तीन आकडे दिलेले, चौथा काढायचा. व्यापार, व्याज, मजुरी, जमिनीचा भाव, खेड्यात लागणारा बहुतेक हिशेब यात बसतो. लिंकनच्या गणिताच्या वहीची काही पानं टिकली आहेत. ती वही त्याने स्वतः शिवलेली होती. तिच्यावर त्याने एक पोरकट यमक लिहिलंय, अर्थ साधारण असा: अब्राहम लिंकन, हात त्याचा, लेखणी त्याची, चांगला होईल तो, पण कधी ते देवालाच ठाऊक.

ही पानं सांभाळून ठेवली होती सावत्र आईने. सख्खी आई नॅन्सी १८१८च्या ऑक्टोबरात वारली. अब्राहम नऊ वर्षांचा होता. रानात चरणाऱ्या गाईंनी एक विषारी झुडूप खाल्लं की विष दुधात उतरायचं आणि दूध पिणारी माणसं काही दिवसांत दगावायची. त्या वेळी याला ‘दुधाचा आजार’ म्हणत, आणि कारण कुणालाच कळलेलं नव्हतं. वर्षभराने थॉमस केंटकीला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून तिला आणि तिच्या तीन मुलांना घेऊन आला. साराला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिने घराला जमीन घालून घेतली, पोरांना धुऊनपुसून माणसात आणलं आणि या पोराला वाचताना कुणी त्रास देऊ नये याकडे लक्ष ठेवलं. लिंकनच्या हत्येनंतर १८६५ मध्ये तिच्याकडून आठवणी टिपून घेतल्या गेल्या. तिने सांगितलं की हाती लागेल ते पुस्तक तो वाचायचा. एखादा मजकूर आवडला आणि कागद नसला तर फळीवर लिहून ठेवायचा, कागद मिळाला की उतरवून घ्यायचा. सावत्र आई म्हटलं की आपल्या गोष्टींत जे चित्र उभं राहतं त्याच्या हे अगदी उलट आहे.

बापाचं मात्र पटलं नाही. थॉमसला वाटायचं पोराने काम करावं, पुस्तकात काय आहे? यात एक कायद्याचा मुद्दाही आहे. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या मजुरीवर बापाचा हक्क असे. थॉमस त्याला शेजाऱ्यांकडे कामाला पाठवी आणि मजुरी स्वतः घेई. १८२८ मध्ये लिंकन तराफ्यासारख्या सपाट होडीवर माल घेऊन न्यू ऑर्लिअन्सपर्यंत गेला, महिना आठ डॉलर पगारावर. ते पैसेही घरीच. मोठा झाल्यावर बापलेकांत दुरावा राहिला तो राहिलाच. १८५१ मध्ये थॉमस वारला तेव्हा लिंकन अंत्यविधीला गेला नाही. थॉमसला खलनायक करणं मला पटत नाही. तीन जमिनी हातच्या गेलेल्या माणसाला तरण्या मुलाचे दोन हात हेच भांडवल दिसलं, तर त्यात नवल काय?

या काळात त्याने वाचलं किती, याबद्दल दंतकथा फार. पुस्तकं मोजकीच होती आणि तो तीच पुन्हा पुन्हा वाचे, हे खरं. जॉर्ज वॉशिंग्टनचं एक लोकप्रिय चरित्र त्याने जोसाया क्रॉफर्ड या शेजाऱ्याकडून आणलं. ते पावसात भिजलं, मग भरपाई म्हणून क्रॉफर्डच्या शेतात मक्याचा चारा काढून दिला, हा किस्सा गावातल्या अनेकांनी सांगितलेला आहे. राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घ्यायला जाताना १८६१ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळात त्याने त्या चरित्राचा मुद्दाम उल्लेख केला होता.

न्यू सेलम: तीनशे माणसंही नसलेलं गाव

१८३० मध्ये कुटुंब इलिनॉयला हललं. पुढच्या वर्षी बावीस वर्षांचा लिंकन घर सोडून सँगमन नदीकाठच्या न्यू सेलम गावात दुकानावर कारकून म्हणून लागला. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण इथल्या सहा वर्षांत झालं, आणि शाळेतल्या भाषणांत नेमकं हेच गाव येत नाही.

गाव इवलंसं, पण तिथे मेंटर ग्रॅहम नावाचा शाळामास्तर होता, वादविवाद मंडळ होतं, शेक्सपिअर आणि बर्न्स तोंडपाठ म्हणणारा आणि बाकी वेळ मासे धरत बसणारा जॅक केल्सो होता. लिंकनने व्याकरण शिकायचं ठरवलं ते इथे. आसपास व्याकरणाचं एकच पुस्तक होतं, तेही काही मैलांवरच्या एका शेतकऱ्याकडे. तो चालत जाऊन ते घेऊन आला. तेविसाव्या वर्षानंतर इंग्रजी व्याकरण शिकलो, अर्थात कच्चंच, पण आज बोलतो-लिहितो तेवढं जमण्यापुरतं, असं त्याचंच वाक्य आहे. पुढे ज्याची भाषणं जगभर पाठ केली गेली त्याचं हे वाक्य.

पोटापाण्याचं काय? दुकान बुडालं. मग विल्यम बेरीबरोबर भागीदारीत स्वतःचं दुकान काढलं, तेही बुडालं. बेरी वारला आणि सगळं मिळून अकराशे डॉलरच्या आसपासचं कर्ज लिंकनच्या डोक्यावर आलं. ते तो ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा, आणि फेडायला त्याला कित्येक वर्षं लागली. १८३३च्या मे महिन्यात त्याला गावच्या पोस्टमास्तरची नेमणूक मिळाली. पगार नाममात्र, पण गावात येणारं प्रत्येक वर्तमानपत्र आधी त्याच्या हातून जाई, आणि वाटण्यापूर्वी तो ते वाचून काढी. राजकारणाचं शिक्षण असं फुकट होत गेलं.

त्याच वर्षी आणखी एक काम चालून आलं. काउंटीचा भूमापक जॉन कॅल्हून याला मदतनीस हवा होता. लिंकनला भूमापन येत नव्हतं. त्याने होकायंत्र आणि साखळी उधारीवर मिळवली, त्या विषयाची दोन पुस्तकं थोडी वाचली आणि कामाला लागला. इथे ते त्रैराशिक कामाला आलं, आणि त्रिकोणमिती नव्याने शिकावी लागली. साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपल्याकडे मोजणीत हीच इंग्रजी मापं आली. ६६ फूट बाय ६६ फूट म्हणजे बरोबर चार गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. दहाने भागलं की एकर निघतो, म्हणून ही साखळी इतकी सोयीची.

१८३४च्या जानेवारीत रसेल गॉडबी नावाच्या शेतकऱ्याची जमीन त्याने मोजली, त्याचे पैसे मिळाले ते दोन हरणांची कातडी या रूपात. काटेरी झुडपांतून साखळी ओढत फिरताना विजारीच्या चिंध्या व्हायच्या, म्हणून शेजारच्या हॅना आर्मस्ट्राँगने ती कातडी त्याच्या विजारीला पुढून शिवून दिली. ज्या माणसाच्या बापाच्या तीन जमिनी चुकीच्या मोजणीने आणि कच्च्या कागदांनी गेल्या, तो आता दुसऱ्यांच्या सीमा ठरवत होता. त्याच्या मोजण्या अचूक मानल्या जात. या कामाने भाकरी मिळाली, जीव तगला, असं तो लिहितो.

तरी कर्जवाल्यांनी एकदा त्याचा घोडा, खोगीर आणि होकायंत्र जप्त करून लिलावात काढलंच. तेव्हा जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने १२० डॉलर बोली लावून सगळं विकत घेतलं आणि लिंकनला परत दिलं. ‘स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला’ असं लिंकनबद्दल म्हणताना हा जेम्स शॉर्ट आठवायला हवा.

परीक्षा न देता वकील?

१८३४ मध्ये लिंकन राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. त्याच निवडणुकीत जॉन टॉड स्टुअर्ट हा स्प्रिंगफील्डचा वकीलही उभा होता. दोघांची ओळख त्याआधीची, १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धातली. स्टुअर्ट म्हणाला, तू कायद्याचा अभ्यास कर, पुस्तकं मी देतो. न्यू सेलमहून स्प्रिंगफील्ड वीसेक मैल. लिंकन जायचा, पुस्तक आणायचा, वाचायचा, परत करून दुसरं आणायचा.

आज भारतात वकील व्हायचं तर कायद्याची पदवी, मग बार कौन्सिलकडे नोंदणी, मग आणखी एक परीक्षा. १८३०च्या दशकातल्या अमेरिकेत कायद्याची कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि तिथे शिकणं बंधनकारक नव्हतं. रुळलेला मार्ग असा की एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करायची. त्याची कागदपत्रं हाताने नकलायची, फावल्या वेळात त्याची पुस्तकं वाचायची, कोर्टात मागे बसून ऐकायचं. दोन-तीन वर्षांनी तो वकील म्हणणार, झालास तयार. लिंकनने ही उमेदवारीसुद्धा केली नाही. ‘कुणाच्याही हाताखाली शिकलो नाही’ असं तो स्वच्छ सांगतो.

वाचायचं काय? मुख्य पुस्तक ब्लॅकस्टोनची भाष्यं. १७६५ ते १७६९ या काळात इंग्लंडमध्ये चार खंडांत निघालेला हा ग्रंथ. इंग्रजी कायदा तोपर्यंत शेकडो जुन्या निकालांत विखुरलेला होता. ब्लॅकस्टोनने त्याची मांडणी केली: व्यक्तींचे हक्क, मालमत्तेचे हक्क, दिवाणी आगळिकी, फौजदारी गुन्हे. स्वातंत्र्यानंतरही बहुतेक अमेरिकन राज्यांनी तोच इंग्रजी सामान्य कायदा पाया म्हणून ठेवला. त्यामुळे हे चार खंड पचवले की सरहद्दीवरच्या गावात वकिलीचा पाया तयार. पुस्तकांचा डोंगर नव्हता, हे लक्षात घ्या. आजचा कायदा एकट्याने घरी बसून वाचायचा म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. १८३५ मध्ये ते शक्य होतं.

शिवाय नुसतं वाचन नव्हतं. नमुन्याच्या पुस्तकातून बघून तो गावकऱ्यांची खरेदीखतं, करारनामे लिहून द्यायचा. गावचा न्यायाधीश बोलिंग ग्रीन छोट्या तंट्यांत त्याला सनदेशिवायच बाजू मांडू द्यायचा. सुरुवातीला बहुतेक करमणूक म्हणून, कारण हा गडी किस्से झकास सांगायचा.

सनद मिळवण्याची रीत इलिनॉयमध्ये दोन टप्प्यांची होती. काउंटीच्या कोर्टाने चारित्र्य चांगलं असल्याचा दाखला द्यायचा, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी परवाना द्यायचा. लिंकनचा दाखला नोंदला गेला २४ मार्च १८३६ला, परवाना मिळाला ९ सप्टेंबरला, आणि वकिलांच्या पटावर नाव चढलं १ मार्च १८३७ला. त्या काळी परीक्षा असलीच तर तोंडी आणि घरगुती. ती किती घरगुती असे याचा एक नमुना आहे. पुढे लिंकन स्वतः परीक्षक झाल्यावर जोनाथन बर्च हा तरुण त्याच्याकडे गेला. बर्चने सांगितलंय की लिंकन तेव्हा लॉजच्या खोलीत अंघोळ करत होता. अंग चोळता चोळता त्याने करार म्हणजे काय वगैरे दोनचार प्रश्न विचारले, मग आपल्याच सुरुवातीच्या गमती सांगत बसला, आणि शेवटी न्यायाधीश लोगनच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मजकूर असा: या मुलाला वाटतंय आपण वकील होऊ शकतो. वाटल्यास तुम्ही तपासा. मी तपासलंय, माझं समाधान झालंय. दिसतो त्यापेक्षा बराच हुशार आहे.

मग सनद म्हणजे थट्टाच होती का? तसं नाही. दरवाजा रुंद होता, पण आत गेल्यावर टिकायचं तर अशील मिळायला हवेत आणि खटले जिंकायला हवेत. लिंकनने एप्रिल १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला येऊन स्टुअर्टबरोबर भागीदारी सुरू केली. येताना घोडा उसना होता. जोशुआ स्पीडच्या दुकानात गादी-उशीचा भाव विचारला, १७ डॉलर. तेवढेही नव्हते. स्पीडने माडीवरची आपली मोठी खाट वाटून घ्यायला सांगितलं. कायद्यातला काटेकोरपणा त्याच्यात आला तो नंतर, १८४१पासून स्टीफन लोगनच्या भागीदारीत. लोगन तयारीत जराही ढिलाई खपवून घेत नसे. एक प्रकारे राहिलेली उमेदवारी लिंकनने सनद मिळाल्यावर पुरी केली.

आता त्या रुंद दरवाजाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘अमेरिकेत कुणीही मोठा होऊ शकतो’ याचा दाखला म्हणून हीच गोष्ट सांगतात. दरवाजा गोऱ्या पुरुषांसाठी रुंद होता. इलिनॉयच्या तेव्हाच्या कायद्यांनुसार कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्याच्या विरोधात कोर्टात साक्षसुद्धा देता येत नव्हती, मग वकिली कुठली. आणि बायकांचं म्हणाल तर लिंकनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८६९ मध्ये, मायरा ब्रॅडवेलने याच राज्यात वकिलीसाठी अर्ज केला. नवऱ्याबरोबर कायद्याचा अभ्यास केलेली, कायद्याचं साप्ताहिक चालवणारी बाई. परीक्षेत उत्तीर्ण. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्री आहे, विवाहित आहे म्हणून परवाना नाकारला, आणि १८७३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. स्वतः लिंकनच्या घरात बघा. त्याची बायको मेरी टॉड लेक्सिंग्टनच्या श्रीमंत घरातली, चांगल्या शाळांत वर्षानुवर्षं शिकलेली, फ्रेंच बोलणारी. दोघांत शिकलेलं माणूस कोण, तर ती.

नंतरचा अभ्यास आणि एक पत्र

लिंकनचा अभ्यास सनदेने संपला नाही. १८४७ ते १८४९ काँग्रेसमध्ये एक मुदत काढून तो परत आला आणि चाळिशीत युक्लिडची भूमिती घेऊन बसला. पहिले सहा भाग जवळपास आत्मसात केले, असं त्याने लिहिलंय. वकिलाला भूमिती कशाला? त्याला हवं होतं ते सिद्ध करण्याचं तंत्र. गृहीतक काय, त्यातून काय निघतं, पुढची पायरी कुठली. त्याची पुढची भाषणं वाचताना हे कळतं. विशेषणं कमी, पायऱ्या जास्त.

तरुणांनी सल्ला विचारला की तो फार सरळ उत्तर द्यायचा. १८५५ मध्ये इशम रेव्हिस या मुलाला त्याने लिहिलं की वकील व्हायचा पक्का निश्चय असेल तर निम्म्याहून जास्त काम झालंच आहे. कुणाच्या हाताखाली वाचतोस की नाही याला फारसं महत्त्व नाही. पुस्तकं मिळव आणि मुख्य गोष्टी समजेपर्यंत वाच. मोठ्या शहराची गरज नाही, मी न्यू सेलममध्ये वाचलं, तिथे तीनशे माणसंही कधी नव्हती. पुस्तकं आणि ती समजण्याची तुझी कुवत सगळीकडे सारखीच.

महाराष्ट्रात लिंकनचं म्हणून एक वेगळंच पत्र प्रसिद्ध आहे. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं, कितीतरी शाळांच्या भिंतींवर चौकटीत लावलेलं. मजकूर चांगला आहे, पण तो लिंकनचा असल्याचा पुरावा नाही. त्याच्या पत्रांच्या अधिकृत संग्रहात ते कुठेही सापडत नाही. शिक्षणाविषयी त्याने खरोखर लिहिलेलं एक पत्र मात्र आहे, आणि ते भिंतीवर क्वचितच दिसतं.

त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. मग एक्सेटरच्या शाळेत वर्षभर तयारी करून पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला. त्याच्याबरोबर स्प्रिंगफील्डचाच त्याचा मित्र जॉर्ज लेथम बसला होता, तो मात्र राहिला. १८६०चा जुलै होता. लिंकन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, घरी पत्रांचा आणि पाहुण्यांचा पूर. रॉबर्टच्या पत्रातून बातमी कळली आणि दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, त्याने लेथमला लिहिलं. आयुष्यात यापेक्षा जास्त वाईट मला क्वचितच वाटलं असेल, असं म्हणून पुढे सांगितलं की खचून गेला नाहीस तर यात फारसं काही बिघडलेलं नाही. एकदा प्रयत्न सुरू केलाय ना, मग हार्वर्डला जायचंच, ‘च’ महत्त्वाचा. तुला मदत कशी करावी ते मला कळत नाही, असंही तो लिहितो, पण प्रौढ वयाच्या आणि बऱ्याच खडतर अनुभवाच्या जोरावर एवढी खात्री देतो की हरायचं नाही असा पक्का निश्चय केलास तर तू हरणार नाहीस.